अण्णांसोबत जुना ट्रॅक्टर उभा करायचाय: आयशर, एचएमटी की बी-२७५?

भोगावतीकाठ

मंडळी, सल्ला हवाय. ट्रॅक्टर, दुरुस्ती, टायर, रंग, कागद असं सगळं धरून बजेट दोन लाख. त्यावर एक रुपया गेला तर घरात माझी खैर नाही.

हेतू आधीच सांगून टाकतो, म्हणजे "एवढ्यात नव्या मिनी ट्रॅक्टरचं डाउन पेमेंट होतं" हे उत्तर कुणाला लिहावं लागणार नाही. वडील, म्हणजे अण्णा, चौऱ्याहत्तर वर्षांचे. उभी नोकरी साखर कारखान्याच्या गॅरेजमध्ये फिटर म्हणून झाली. निवृत्त झाल्यावर गावातल्या मोटरी, फवारणी पंप, कुणाचा कडबाकुट्टी असं काहीबाही जोडत बसायचे. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बसले ते टीव्हीसमोरच. काही विचारलं की "आता मला काय कळतंय" म्हणतात. पूर्वी हेच गृहस्थ दुसऱ्याला "तुला काय कळतंय" म्हणायचे! शेत दीड एकर, सगळा ऊस. नांगरट, सरी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. म्हणजे कामासाठी ट्रॅक्टर नकोच आहे. शेणखताची ट्रॉली ओढली तर फायदाच.

तीन गाड्या नजरेत आहेत. कागल बाजूला एक आयशर २४१, चालू, मागचे टायर गोटा (झिजून गुळगुळीत), मालक शेतकरीच, सव्वा लाख सांगतोय. दुसरा एचएमटी २५११, पन्हाळ्याच्या पायथ्याला शेडमध्ये बरीच वर्षं उभा, इंजिन जाम, पण पत्रा न् पत्रा जागेवर. साठ हजार म्हणतात, कमी होतील. तिसरा महिंद्रा बी-२७५, शिरोळ भागात एजंटाकडे, नवाकोरा लाल रंग मारलेला, दीड लाख.

अण्णांचा जीव एचएमटीवर. कारखान्यात त्यांनी तेच खोलले-जोडलेत. मला काही कळत नाही, मी बँकेत आहे.

उसाचं_कांडं

बी-२७५ घे भावा. चार सिलेंडर, नाद नाही करायचा.

पूररेषा

शिरोळ आणि नवाकोरा रंग हे दोन शब्द एका ओळीत वाचले आणि थांबलो. मी शिरोळ तालुक्यातलाच. २०१९ आणि २०२१ ला आमच्याकडे किती ट्रॅक्टर पाण्याखाली गेले ते डोळ्यांनी पाहिलंय. बरेचसे मालकांनी नीट खोलून, धुऊन पुन्हा चालू केले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. काही मात्र तसेच रंग मारून फिरतायत.

बघायला गेलास तर रंगाकडे बघूच नकोस. हेडलाइटच्या वाटीत आतून गाळाची रेघ आहे का बघ. मीटरच्या मागे, सीटखालच्या पाइपात, टूलबॉक्सच्या कोपऱ्यात बोट फिरव. गाळ वाळला की राखेसारखा मऊ होतो आणि बोटाला चिकटतो, साधी शेतातली माती तशी नसते. क्लच हाऊसिंगच्या तळाला एक छोटं भोक असतं, त्यात तार घालून बघ काय निघतं. आणि मालकाला विचारून गियर बॉक्सचा ड्रेन नट जरासा ढिला कर. आधी पाणी येतंय की तेल, आणि तेल आलं तर ते ताकासारखं पांढरट आहे का? मालक नट ढिला करू देत नसेल तर तेच उत्तर समजायचं.

उद्यमनगरी

वरच्या भाऊंनी पुराचं बरोबर सांगितलं. मी शिवाजी उद्यमनगरात इंजिनकाम करतो, ट्रॅक्टरचंच जास्त. तीन गाड्यांबद्दल माझं मत, पटलं तर घ्या.

आयशर २४१ म्हणजे एकच सिलेंडर, पंचवीस एचपी, हवेवर गार होणारं इंजिन. रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही, होज नाही, ब्लॉकमधून पाणी तेलात उतरण्याची भानगडच नाही. एक पिस्टन, एक लायनर (पिस्टन चालतो ती नळी), एक नोझल (डिझेल फवारणारा). इंजिन उघडलं तरी खर्च मर्यादेत राहतो. नवशिक्याने शिकायचं तर यावर शिकावं. गाळ आणि भुसकट मात्र फिन्समध्ये (इंजिन गार करणाऱ्या पात्यांमध्ये) साचतं, ते साफ नसेल तर हेड तापून जातं. गेल्यावर टॉर्च मारून फिन्स आणि ब्लोअर बघा. सुट्या भागांचं म्हणाल तर आयशरचा ट्रॅक्टरचा धंदा २००५ मध्ये टॅफे या दुसऱ्या ट्रॅक्टर कंपनीकडे गेला, आणि माल अजून मिळतो.

एचएमटी २५११ दोन सिलेंडर, झेटर या चेक कंपनीचं डिझाइन. गाडी दणकट, लोखंड कुठेही वाचवलेलं नाही. पण कंपनीचं ट्रॅक्टर युनिट २०१६ मध्ये बंद करायचा निर्णय झाला. माल मिळत नाही असं नाही, उत्तरेकडून मागवावा लागतो आणि एखाद्या फडतूस वॉशरसाठी काम अडून बसतं. कोल्हापुरात एक सोय आहे, कास्टिंगचा तुकडा मोडला तर पॅटर्न करून ओतून घेता येतो, बुश कुणीही टर्न करून देईल. मोठे भाग मात्र तसे होत नाहीत.

बी-२७५ ला माल कुठेही मिळतो. पण चार सिलेंडर म्हणजे चार लायनर-पिस्टन, चार नोझल. इंजिन करायचं निघालं तर तुमचं बजेट तिथेच संपलं. आणि पुराचा असेल तर बोलायलाच नको.

बघायला जाताना मालकाला आधी फोन करून सांगा, "मी आल्याशिवाय चालू करू नका." गेल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर त्याने आधीच गरम करून ठेवलंय, म्हणजे गार असताना उचलत नाही. चालू झालं की ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून फकफक धूर मारत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा-लायनर गेले. सायलेन्सरचा धूर काळा असेल तर डिझेल जास्त किंवा एअर क्लीनर चोंदलेला, ते किरकोळ. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा सुरुवातीला चालतो, गरम झाल्यावरही येत असेल तर नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन बघावं लागेल.

एअर क्लीनर ऑइल बाथचा असतो, त्याची खालची वाटी काढून बघा. कोरडी ठणठणीत किंवा चिखलाने भरलेली असेल तर त्या मालकाने इंजिनला वर्षानुवर्षं धूळ चारलीय. मालक कसा होता हे कळायला माझ्या मते ही वाटी पुरेशी आहे.

हायड्रॉलिक_बाबा

लिफ्ट विसरू नका हो. नांगर लावून वर उचला, इंजिन बंद करा, तिथेच एक चहा प्या. नांगर चहा संपायच्या आत जमिनीला टेकला तर ओ-रिंग, सिलेंडर किंवा व्हॉल्व. पंप गेलेला नसेल तर फार खर्च नाही, पण भाव पाडायला कारण मिळतं. नांगराखाली हात-पाय घालू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो.

पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन चाक हलवा, किंग पिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनचे) बुश झिजलेत का ते कळतं. मागच्या ड्रममधून तेल गळत असेल तर सील गेलंय आणि ब्रेक तेलात न्हालेत. चढावर गियर आपोआप निसटतो का तेही बघा. सपाटीवर हा रोग लपतो, म्हणून चढ शोधा. पन्हाळ्याला कमी नाही चढ!

भोगावतीकाठ

बाप रे, केवढी माहिती! अण्णांना चष्मा लावून मोबाइलवर वाचायला दिलं. उद्यमनगरींचं वाचून म्हणाले, "हा माणूस काम केलेला आहे." नंतर म्हणाले, "आयशर म्हणजे ट्रॅक्टर नव्हं, गुऱ्हाळाचं इंजिन चाकावर ठेवलंय." एचएमटीचा हट्ट कायम आहे. इंजिन जाम म्हणजे नक्की किती वाईट?

उद्यमनगरी

हा हा, अण्णांना नमस्कार सांगा. आवाजापुरतं त्यांचं खरं आहे.

जाम दोन प्रकारचं. उभं राहून राहून रिंगा लायनरला गंजून धरल्या असतील तर बऱ्याचदा सुटतं. नोझल काढायचे, त्या भोकांतून डिझेल आणि पातळ ऑइल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं, अधूनमधून पुन्हा सोडायचं. मग फ्लायव्हीलला बारने हलकं मागे-पुढे, जोर न लावता. हलायला लागलं की नोझल न बसवताच फिरवायचं, म्हणजे आत साठलेलं बाहेर पडेल. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून गियरमध्ये टाकून सोडवायला जाऊ नका. आत पाणी किंवा डिझेल असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुसरा प्रकार म्हणजे चालू असतानाच सीझ झालेलं. तिथे क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, कदाचित ब्लॉकही. बाहेरून बघून दोन्हीत फरक कळत नाही. मालकाला विचारायचं, "बंद कसा पडला?" "एक दिवस लावला तो लावलाच" म्हणाला तर आशा आहे. "नांगरताना बंद पडला" म्हणाला तर हात जोडून घरी या.

गडहिंग्लजची_लेक

सगळे इंजिनवर बोलतायत, मी माणसावर बोलते.

आमच्या बाबांसाठी भावाने असाच एक बंद ट्रॅक्टर आणला होता, कोणता ते महत्त्वाचं नाही. पहिला महिना उत्साह. सगळं खोललं, पेट्यांत नावं लिहून ठेवलं. मग एक भाग मिळेना, मग ऊसतोड आली, मग भावाची बदली झाली. बाबा रोज शेडमध्ये जाऊन त्या पेट्या बघून यायचे आणि चिडचिड करायचे. ट्रॅक्टर चालू झाला नाही, तो प्रकार त्यांना आजारापेक्षा जास्त लागला. शेवटी भंगारात गेला.

म्हणून दादा, चालू असलेलाच घ्या. कसाही चालू द्या, धूर मारत का असेना. पहिल्याच दिवशी अण्णांना त्यावर बसता आलं पाहिजे. मग एका वेळी एकच काम काढायचं. या आठवड्यात वायरिंग, ते संपून गाडी पुन्हा फिरली की मग ब्रेक. कधीही थांबलात तरी दारात चालता ट्रॅक्टर उभा असेल. जाम इंजिनला किती वेळ लागेल ते उद्यमनगरीसुद्धा सांगू शकत नाहीत, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी वेळ गृहीत धरता येत नाही. कटू वाटेल, पण लिहिलं.

उसाचं_कांडं

ताईंनी बरोबर सांगितलं. माझं बी-२७५ मागे घेतो.

पूररेषा

+१. आणि "पत्रा न् पत्रा जागेवर" असलेला एचएमटी साठ हजारांत पळून जाणार नाही. इतकी वर्षं कुणी नेला नाही, आणखी वर्षभर थांबेल.

आरटीओ_वारी

कागदांवर अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. जुन्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन सुधारतं, कागद सुधारत नाहीत.

आरसी बुक मूळ हवं. झेरॉक्सवर टोकन देऊ नका. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते केलेलं नसेल तर शुल्क आणि उशिराचा दंड कोण भरणार हे आधी ठरवा. वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. जुन्या नंबरची नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर प्रत्यक्ष कार्यालयात चौकशी करा, आणि नोंदणी रद्द झालेली नाही याची खात्री करूनच पुढे जा. रद्द झालेल्या गाडीला पुन्हा रस्ता नाही.

चासी नंबर स्वतः घासून, पेन्सिलचा छाप घेऊन आरसीशी ताडा. इंजिन नंबरसुद्धा. जुन्या ट्रॅक्टरांची इंजिनं बदललेली असतात आणि नोंद केलेली नसते.

विकताना मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३०. आरसीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, "कर्ज फिटलंय हो" या तोंडी वाक्यावर जाऊ नका. मालक वारला असेल तर फॉर्म ३१ आणि वारसांचे कागद. गावाकडे हे फार आढळतं, ट्रॅक्टर आजोबांच्या नावावर आणि विकतोय नातू. बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय पैसे देऊ नका.

आणखी एक, तुम्ही कागलला जाताय म्हणून. तिथून निपाणी हाकेवर आहे. "तिकडं स्वस्त मिळतोय" असं कुणी म्हणालं तर नंबर बघा. केए-२३, म्हणजे कर्नाटकचा असेल तर तिकडून फॉर्म २८ ची एनओसी, मग इकडे कर आणि नवा नंबर. स्वस्ताई त्यातच जिरते.

भोगावतीकाठ

रविवारी अण्णांना घेऊन कागलला जाऊन आलो. ताईंचं पोस्ट त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. फक्त म्हणालो, "एचएमटी नंतर बघू, आधी हा बघून तर येऊ."

जाताना गाडीत गप्प. तिथे उतरल्यावर काठी माझ्या हातात दिली आणि सरळ इंजिनला तळहात लावला. गार होतं. मालकाने सेल मारला, दुसऱ्या झटक्याला उचललं. अण्णांना आता कमी ऐकू येतं, तर खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला (घरून आणला होता, मला पत्ताच नाही!), मूठ कानाच्या हाडाला आणि टोक इंजिनला लावून जागोजागी ऐकलं. म्हणाले, "टॅपेट वाजतंय, बाकी खालून आवाज नाही." झाकण उघडल्यावर थोडासा धूर, फकफक नाही. एअर क्लीनरची वाटी मीच काढली, तेल काळं होतं पण होतं. लिफ्टला नांगर लावला तर चहा यायच्या आधीच खाली. मालकाचं तोंड पडलं, अण्णांचं खुललं.

मग सुरू झाला सौदा, त्यात मला बोलूच दिलं नाही. एक लाख पाचवर आला. आरसी मूळ आहे, मालकाच्याच नावावर, नूतनीकरण चालू मुदतीत, बोजा नाही. चासी नंबर जुळला. अजून टोकन दिलेलं नाही, अण्णा म्हणाले, "पोरांस्नी विचार, काय राहिलंय का बघायचं."

उद्यमनगरी

काही राहिलं नाही, घ्या. टॅपेट वाजणं म्हणजे व्हॉल्वची फट वाढलीय, फिलर गेज आणि अर्ध्या तासाचं काम.

घरी आणल्यावर बोनेट आणि रंगाला हात लावू नका. सगळी हौशी माणसं रंगापासून सुरू करतात, मग तेल गळून तो रंग सुटतो. आधी इंजिन ऑइल, गियर ऑइल, हायड्रॉलिकचं तेल बदला, डिझेल फिल्टर बदला, टाकी धुवा. मग टॅपेट, मग नोझल काढून टेस्टरवर. मग लिफ्ट. ब्रेक, वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी डिझेलने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड आणि रंग.

नोझल तपासताना फवाऱ्यासमोर बोट नको. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट काढायची वेळ येऊ शकते. असं काही झालं तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल.

गडहिंग्लजची_लेक

अण्णांच्या स्क्रू ड्रायव्हरला माझा दंडवत.

थोडं सांगते. शेडमध्ये त्यांच्या उंचीचं टेबल आणि पाठ असलेली खुर्ची ठेवा. खाली बसून करायची कामं तुमची, टेबलावरची त्यांची. नवीन गुडघ्याने उकिडवं बसू देऊ नका, ते बसतीलच, लक्ष ठेवा. बॅटरी, चाक, जॅक यांना त्यांनी हात लावायचा नाही. जॅकवर उचललं की खाली लाकडी ओंडके, विटा नाहीत, वीट फुटते. जुन्या ब्रेक-क्लचच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ तोंडाने किंवा हवेने फुंकायची नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा. जुन्या फिटर लोकांना फुंकायची सवय असते.

हायड्रॉलिक_बाबा

आणि अण्णा चालवणार असतील तर सपाट रानातच. जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यावर वाचवणारी फ्रेम नसते. बांधाच्या कडेने, चढाला जड ट्रॉली लावून नको, पुढची चाकं उचलली की वेळ मिळत नाही. पीटीओ शाफ्टवर (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर) गार्ड नसेल तर बसवून घ्या, धोतराचा सोगा जवळ जाता कामा नये.

भोगावतीकाठ

धोतर नाही, लेंगा. पण मुद्दा पोहोचला.

आज टोकन दिलं. फॉर्म २९-३० वर सह्या झाल्यावर बाकीचे पैसे, असं कागदावर लिहून घेतलंय. अण्णांनी लगेच एचएमटीच्या मालकाला फोन करून "अजून आहे न्हवं?" विचारून ठेवलंय, हे घरात अजून कुणाला माहीत नाही.

एकच राहिलं. मागचे टायर १२.४-२८ गोटा, पुढचे ६.००-१६ बरे दिसतात पण साइडला भेगा आहेत. चारही नवे घेतले तर बजेट गेलं. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) चालतील?

उद्यमनगरी

मागे चालतील, तुमचं काम हलकं आहे. पुढे नवेच घ्या, स्टिअरिंग त्यावर आहे. आणि मागचे काढाल तेव्हा रिम आतून बघा. टायरात पाणी भरून चालवला असेल तर व्हॉल्वच्या भोकाजवळ गंजून पातळ झालेलं असतं. तिथे वेल्डिंग करून घ्या, मगच टायर चढवा.